आपण वगळून

ज्या सहीसाठी मी पुण्याहून साडेपाचशे किलोमीटर गेले, ती सही मला मिळाली नाही. उज्ज्वलाताई काळमेघांनी ती दिली असती तर आज मी मोठ्या पदावर असते आणि आपण काय करून बसलो आहोत याची मला जन्मभर खबरही लागली नसती. न दिलेल्या सहीबद्दल आभार मानायची वेळ फार थोड्यांवर येते. माझ्यावर आली, म्हणून हे लिहिते आहे.

गोष्ट २०४३ सालच्या फेब्रुवारीतली. बसमध्ये पाय पसरून बसणाऱ्या, सिग्नल तोडणाऱ्या आणि गच्चीवरून कचरा फेकणाऱ्या मोठ्या माणसांना सुधारणं कुणाच्या बापाला जमणार नाही, हे एव्हाना सगळ्यांनी मान्य केलं होतं. चांगले नागरिक घडवायचे तर तीन ते सहा या वयातच, असं ठरलं. त्यासाठी आमच्या संस्थेने ‘सुजाण’ नावाचं यंत्र बनवलं. चारशे बालवाड्यांत दोन वर्षं त्याची चाचणी चालली होती. शुक्रवारी मुंबईत बैठक होती. तिथे मंजुरी मिळाली की राज्यातल्या प्रत्येक बालवाडीच्या छताला ‘सुजाण’ लागणार होतं. मी त्याच्या भाषाविभागाची प्रमुख. नाव मृण्मयी आगटे, वय अडतीस, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल तेव्हा काडीचीही शंका नव्हती.

चाचणीचे सगळे कागद पूर्ण झाले होते, फक्त एक अर्ज अडला होता. दर्यापूर तालुक्यातल्या सावळखेडा गावच्या बालवाडीतली ईश्वरी भोंबे, वय पाच, गुण शंभरपैकी अकरा. वीसच्या खाली गुण गेले की मुलाच्या नावापुढे लाल खूण येई आणि पहिलीत जाण्याआधी त्याला एक वर्ष तालुक्याच्या गावी राहून घडणवर्गात, म्हणजे वागणूक सुधारायच्या वर्गात, जावं लागे. त्या अर्जावर बालवाडीच्या ताईंची सही लागत असे. सावळखेड्याच्या ताई तीन आठवडे सही करत नव्हत्या.

“तू स्वतः जा,” आमचे संचालक डॉ. विद्वांस मला म्हणाले. “गोड बोल, यंत्र समजावून सांग. शुक्रवारी एकही कागद अपुरा दिसता कामा नये.”

विद्वांस सरांनी मला कॉलेजातून उचलून पहिली नोकरी दिली होती. त्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता. बुधवारी सकाळी मी सावळखेड्यात उतरले.

बालवाडी म्हणजे एक लांब खोली, पुढे ओसरी आणि अंगणात पत्र्याची घसरगुंडी. उज्ज्वलाताई सत्तावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, पदर खोचलेल्या. मी बॅगेतून अर्ज काढेपर्यंत त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पेला ठेवला.

“सही राहू द्या मॅडम. पहिले पानी घ्या, उन्हाच्या आल्या तुमी.”

“ताई, मला दुपारची परतीची गाडी गाठायची आहे.”

“गाडी तं जाईनच. ते थोडीच थांबते कोनासाठी.”

मी पाणी प्यायले आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे यंत्र समजावून सांगायला बसले.

‘सुजाण’ म्हणजे छताला लावलेली एक पांढरी पेटी, साधारण जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यातून सतत सूक्ष्म रेडिओलहरी बाहेर पडतात आणि मुलांच्या छातीवर आपटून परततात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला छाती केसभर हलते. डोळ्याला ते दिसत नाही, पण परतलेल्या लहरीत तो फरक उमटतो. त्यामुळे तीस मुलं खोलीत किंवा अंगणात धावत असली तरी प्रत्येकाचा ठोका पेटीला वेगळा ऐकू येतो. माणसं मनापासून एकत्र काही करतात, एका सुरात गातात, एकमेकांचं लक्ष देऊन ऐकतात, तेव्हा त्यांचे ठोके हळूहळू एका तालात येऊ लागतात. या तालालाच आम्ही सहभाव म्हणत होतो. तो जितका जास्त, तितके गुण जास्त.

दुसरा भाग माझा. पेटी प्रत्येक मुलाचं बोलणं ऐकते आणि लिहून ठेवते. जे मूल सारखं ‘मी, मला, माझं’ करतं ते स्वतःपुरतं पाहतं. ज्याच्या तोंडी ‘आम्ही, आमचं’ येतं ते चार जणांत मिसळतं. मूळ आराखडा परदेशातला होता आणि तो तेरा भाषांत तपासलेला होता. मी त्याला मराठी शिकवली होती. ठोका आणि शब्द, दोन्हींचा मेळ घालून प्रत्येक मुलाचे गुण तिथल्या तिथे निघत आणि संध्याकाळी त्यांची बेरीज होई. ज्याचे वाढले त्याच्या नावाने पेटी एक छोटीशी धून वाजवी आणि मुलं टाळ्या वाजवत.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे मशीन छाती पायते आन बोलनं आयकते.”

“अगदी बरोबर.”

“तिले डोये नाईत?”

“कॅमेरा मुद्दामच ठेवलेला नाही. लहान मुलांची चित्रं कुठे जायला नकोत.”

“मंग पोट्टे हासून राह्यले का भांडून राह्यले, हे तिले कसं दिसते?”

“ताई, तिला आतलं दिसतं. आपल्याला नुसतं बाहेरचं दिसतं.” हे वाक्य मी प्रत्येक भाषणात वापरत असे आणि त्याला हमखास टाळ्या पडत. ताईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या तांदूळ निवडू लागल्या.

“मले तुमची मशीन नाई समजली,” त्या म्हणाल्या. “पन पोरगी समजते. तुमी बसा जराशा, तुमालेबी समजन.”

पोरगी समजायला वेळ लागला नाही, कारण तिने मला बसूच दिलं नाही. ईश्वरी भोंबे म्हणजे दोन उभ्या शेंड्या, पुढचे दोन दात पडलेले आणि अंगाच्या मानाने चौपट आवाज. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या पायांकडे पाहू लागली.

“बाई, तुया चपला वाटेत हायेत. सारे पडतीन ना! चाल, आपून लाईनीत लावू.”

“इसरी, मोठ्या मानसाले ‘तुमी’ म्हनावं,” ताईंनी टोकलं.

“तुमी चाल,” ईश्वरी म्हणाली आणि माझं बोट धरून मला ओढत घेऊन गेली. पुण्याहून खास आलेल्या भाषाविभागाच्या प्रमुखांनी तीस चिमुकल्या चपलांचे जोड जुळवून ओसरीच्या कडेला लावले. एक जोड उलटा लागला होता. तो मला पुन्हा लावायला लागला.

मग मी माझ्या टॅबवर पेटीचं काम बघत बसले. अंगणातल्या घसरगुंडीवर चार मुलांनी ताबा मिळवला होता. पाचवा एक मुलगा शिडीवर पाय ठेवू लागला तसे चौघे एकदम ओरडले, “आमी नाई येऊ देनार! हे आमची हाय! आमीच चौघं!” टॅबवर चौघांचे ठोके एका रेषेत आले. प्रत्येकी तीन गुण. धून वाजली. चौघांनी टाळ्या वाजवल्या आणि आणखी जोराने ओरडले, “आमी चौघं!” आणखी दोन गुण मिळाले.

तेवढ्यात ईश्वरी धावत आली. शिडी अडवून बसलेल्या मुलाला तिने दंडाला धरून खाली ओढलं. “आपून लाईन करू. पयले हा, मंग तू, मंग मी. आपून सारे खेलू!” ठोका कुणाशीही जुळला नाही, कारण ती एका जागी उभीच नव्हती. एकाला पुढे ढकल, दुसऱ्याला मागे ओढ, तिसऱ्याचं नाक पूस. टॅबवर तिच्या नावापुढे उणे एक आलं. रांग मात्र लागली आणि दहा मिनिटं सगळे घसरत राहिले.

मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. तरी मला यंत्र चुकतं आहे असं वाटलं नाही. मुलगी दांडगट आहे, धाकाने रांग लावते, पेटीला तिच्या आतलं दिसलं असणार, असं मी मनाशी म्हटलं. माणूस शिकला की त्याला समोरची म्हैस दिसत नाही, हे माझी आजी म्हणायची ते उगाच नाही.

बाराच्या सुमाराला एक तरुण बाई अंगणात आली. गळ्यात ड्रोन चालवायचा रिमोट, अंगावर फवारणीचा निळा डगला. ही ईश्वरीची आई, पल्लवी. गावातल्या महिला गटाचं फवारणीचं ड्रोन ती उडवायची आणि पंचक्रोशीत तिच्याइतका हात कुणाचा साफ नव्हता, असं ताईंनी मला सांगितलं. पल्लवीने माझ्या हातातला अर्ज ओळखला.

“ताई, सही झाली का?”

“नाई झाली,” ताई म्हणाल्या. “होनारबी नाई.”

“मी दर्यापुरात खोली पाहून ठेवली,” पल्लवी म्हणाली. “पोरीले एकटी कशी ठेवू तिथं? ड्रोन गटाले वापस देऊन टाकीन.” मग पहिल्यांदाच ती माझ्याकडे वळली. “मॅडम, माया पोरीत काय कमी हाय, तेवढं सांगा मले. मी रोज इचारतो सोताले. तिले मारलं का मी कधी? खोटं शिकवलं का?”

माझ्याकडे छापील उत्तर होतं. ‘ही शिक्षा नाही, संधी आहे.’ ते गिळून मी अर्ज बॅगेत ठेवला.

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “तुमाले मी काई बोलनार नाई.” तिने लेकीच्या शेंड्या नीट केल्या आणि ती शेताकडे निघून गेली.

जेवणं झाल्यावर ताईंनी टाळी वाजवली. प्रत्येक मुलाने कोपऱ्यातला एकेक छोटा तांब्या उचलला. गावच्या एसटी थांब्यावर एक मोठा रांजण आहे. दुपारच्या गाडीआधी मुलं बालवाडीतून तांब्या तांब्या पाणी नेऊन तो भरतात, हे मला तेव्हा कळलं.

“मॅडम, बसा तुमी. आमी चाल्लो यष्टी स्टँडवर,” ताई म्हणाल्या.

“या जाऊन,” मी म्हटलं आणि पंख्याखाली टॅब उघडून बसले. सगळी वरात फाटकातून बाहेर पडली. अर्ध्या मिनिटात पाण्याचे थेंब सांडत ईश्वरी परत आली. तिच्या हातात दोन तांबे होते.

“काहून बसली व बाई? आपून चाल्लो ना पानी टाकाले!”

मी उठले. चपला घातल्या, तिच्या हातातला एक तांब्या घेतला आणि चालू लागले. फाटक ओलांडून वीसेक पावलं गेले असेन. तिथे माझे पाय थांबले.

ताई म्हणाल्या ‘आमी चाल्लो’, आणि मी बसून राहिले. पोरगी म्हणाली ‘आपून चाल्लो’, आणि मी उठले. मला कुणी काही समजावलं नव्हतं. शब्द ऐकला आणि पायांना कळलं. आम्ही म्हणजे तू सोडून आम्ही. आपण म्हणजे तुला धरून सगळे. हा फरक मराठी बोलणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला कळतो. इंग्रजीत ‘वुई’ एकच, हिंदीत ‘हम’ एकच. आराखडा बनवणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न येण्याचं कारणच नव्हतं. पण मी?

मला ती दुपार लख्ख आठवली. तीन वर्षांपूर्वी यंत्राला सर्वनामं शिकवताना ‘आपण’ने मला भंडावून सोडलं होतं. ‘आपण खेळू’ म्हणजे सगळे मिळून. ‘आपण बसावं’ म्हणजे समोरचे मोठे गृहस्थ. ‘आपण नाही कोणाला भीत’ म्हणजे बोलणारा एकटाच. एका शब्दाचे तीन अर्थ, आणि यंत्राला गोंधळ चालत नाही. चहा गार होत होता. मी शब्दापुढे ‘संदिग्ध’ असा शेरा मारला आणि तो मोजणीतून गाळून टाकला. शिल्लक राहिला फक्त ‘आम्ही’. म्हणजे दोन वर्षं आमची पेटी दुसऱ्याला दूर लोटणाऱ्या मुलांना शाबासकी देत होती आणि दुसऱ्याला ओढून आत घेणाऱ्यांना शून्य. ठोक्यांचंही तेच. चौघे मिळून पाचव्याला हाकलतात तेव्हाही त्यांची हृदयं एका तालात येतातच की!

“चाल ना बाई, गाडी येईन!” ईश्वरीने माझा कुर्ता ओढला.

थांब्यावर मुलांनी रांजण भरला. मग ताईंनी प्रश्न विचारले. ते रोजचेच असावेत, कारण मुलांची उत्तरं तयारच होती.

“हे पानी कोन पेते?”

“जो येईन तो!”

“आपून ओयखतो का त्याले?”

“नाई!”

“मंग काहून भरतो?”

“त्याले तहान लागते!”

माझा तांब्या मी सगळ्यांत शेवटी ओतला. माझी गाडी आली, थांबली, आणि माझ्याशिवाय गेली.

मुलं घरी गेल्यावर मी ताईंना सगळं सांगितलं. सांगताना मान वर होत नव्हती. मग त्यांच्यासमोरच टॅबवर सगळ्या चारशे बालवाड्यांचं लिहून ठेवलेलं बोलणं काढलं, ‘आपण’ परत मोजणीत घेतला आणि ठोक्यांचे गुण बाजूला ठेवले. यंत्राला चार मिनिटं लागली. चाचणीत एकूण तीनशे बारा मुलांना लाल खूण मिळाली होती. त्यांतल्या दोनशे सात मुलांच्या तोंडी ‘आपण’ इतरांच्या दुप्पट-तिप्पट होता. ईश्वरी सोडली तर बाकी दोनशे सहा घडणवर्गात जाऊन बसली होती.

“अगं माय,” ताई एवढंच म्हणाल्या.

“ताई, तुम्हाला हे माहीत होतं का?”

“मले कुठचं व्याकरण येते, मॅडम? मी ते सोळा वर्षाची होतो तवा सोडलं. मले एवढंच माईत की ही पोरगी वाईट असन तं माया अख्ख्या बालवाडीत चांगलं कोनी नाई. कागदावर लाल लिवलं म्हनून मी माये डोये फोडून घेऊ का?”

मी विद्वांस सरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस फार हुशार, चूक त्यांना एका वाक्यात कळली.

“चांगलं शोधलंस,” ते म्हणाले. “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर. शुक्रवारी यातलं अवाक्षर काढायचं नाही.”

“सर, दोनशे सहा मुलं तिकडे आहेत. चूक नसताना.”

“एका वर्षाने कुणाचं काय बिघडतं? तिथेही शिकवतातच की. झाकली मूठ सव्वा लाखाची, मृण्मयी. उघडलीस तर दोन वर्षांचं काम मातीत जाईल. आणि तो शब्द कुणी गाळला, हेही निघेल.”

“मी गाळला.”

“म्हणूनच सांगतोय. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय, पोरी.”

आणि ते खरंच माझ्या भल्यासाठी सांगत होते, हे सगळ्यांत अवघड होतं. पंधरा वर्षं त्यांनी माझं भलंच केलं होतं. मी फोन ठेवला. बोलले तर नोकरी जाईल, सर दुरावतील, आणि ही बाई मराठी विसरली होती म्हणून लोक हसतील. नाही बोलले तर ईश्वरीचा अर्ज आज ना उद्या दुसरा कुणीतरी सही करून पुढे पाठवील. ताईही पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या.

“काय करू ताई?”

“ते मले इचारू नका,” ताई म्हणाल्या. “मी सही करनार नाई, एवढं मायं ठरलं हाय. तुमचं तुमी पाहा.” मग मला थांब्यापर्यंत सोडायला आल्या आणि गाडी येईपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिल्या. वाटेत प्यायला त्यांनी माझी बाटली त्या रांजणातूनच भरून दिली.

शुक्रवारी मुंबईतल्या बैठकीत वीस-बावीस जण होते. अध्यक्षस्थानी खात्याच्या सचिव, श्रीमती सरनाईक. विद्वांस सरांनी सुरेख मांडणी केली. शेवटी ते म्हणाले, “भाषेबद्दल मृण्मयी दोन शब्द सांगेल,” आणि माझ्याकडे पाहून त्यांनी किंचित मान हलवली. नको, असा त्याचा अर्थ होता.

मी उभी राहिले. मांडणीचे कागद मी आणलेच नव्हते. वाक्यांचं एक पान आणि नावांची यादी, एवढंच होतं.

“मी काही मुलांची वाक्यं वाचते,” मी म्हटलं. “आणि यंत्राने प्रत्येक वाक्याला दिलेले गुण. ‘आम्ही तुला घेणार नाही, जा.’ तीन गुण. ‘हे आमचं आहे, तुझं नाही.’ तीन गुण. ‘आम्ही नाही बोलणार तिच्याशी.’ चार गुण, कारण पाच जणी एका सुरात बोलल्या.”

मी पुढच्या ओळींवर बोट ठेवलं.

“आता लाल खूण मिळालेली मुलं. ‘आपण याला पण घेऊ, तो रडतोय.’ शून्य. ‘आपण हळू बोलू, बाळ झोपलंय.’ शून्य. ‘पाणी सांडलं, आपणच पुसू या, बाईंचे पाय दुखतात.’ शून्य.”

“थांबा,” सरनाईकबाई म्हणाल्या. “या शेवटच्या वाक्याला शून्य? का?”

“यंत्र ‘आपण’ मोजत नाही, मॅडम. तो शब्द मी गाळला होता. संदिग्ध म्हणून.”

“तुमची मातृभाषा कोणती?”

“मराठी.”

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. मग आणखी दोघे. मी उभीच राहिले आणि दोनशे सात नावं वाचायला सुरुवात केली. गाव, नाव, वय. तिसाव्या नावापर्यंत हसणं थांबलं होतं. साठाव्या नावाला सरनाईकबाईंनी हात वर केला आणि बाकीची यादी स्वतःकडे मागून घेतली. ती त्यांनी शेवटपर्यंत मनात वाचली. आम्ही सगळे वाट बघत बसलो.

मंजुरी मिळाली नाही. मुलांना गुण आणि खुणा देणं त्या दिवसापासून बंद झालं. घडणवर्गातल्या मुलांना आठ दिवसांत आपापल्या गावी परत पाठवायचं, त्या दोनशे सात मुलांच्या पालकांना चूक कळवणारं पत्र द्यायचं आणि त्यावर माझी सही असायची, असं ठरलं. ही सही मी आनंदाने केली, दोनशे सात वेळा. चौकशी होईपर्यंत मला कामावरून दूर ठेवण्यात आलं. दाराशी विद्वांस सर माझ्याजवळून गेले. मी “सर” म्हटलं. त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्यावर मला राग नव्हता आणि आजही नाही. पण पंधरा वर्षं सोबत असलेलं माणूस समोरून निघून गेलं की आत काय होतं, ते लिहिता येत नाही.

खाली तळमजल्यावर एका बाकावर बसून मी बालवाडीला फोन लावला. दुपारचे अडीच वाजले होते.

“हॅलो, कोन?” आवाज ताईंचा नव्हता.

“उज्ज्वलाताई आहेत का?”

“त्या पोट्टे घेऊन गेल्या स्टँडवर. पोरीले न्याले आलतो मी, पल्लवी भोंबे बोलतो. तुमी कोन?”

“मी मृण्मयी आगटे. बुधवारी आले होते, ती.”

“बोला,” ती म्हणाली.

“ईश्वरीचा अर्ज रद्द झाला,” मी घाईघाईने सांगितलं. “लाल खूण काढली. तिला कुठेही जायचं नाही, ती तिथेच राहील. तुम्ही ड्रोन परत करू नका. आणि तुम्ही विचारलं होतं ना, तिच्यात काय कमी आहे? काही कमी नाही. चूक माझी होती. मीच केली होती. तिला इतके कमी गुण मिळाले ते माझ्यामुळे.”

ती चार शब्द सुनावील, अशी माझी तयारी होती. तिने सुनावलंच पाहिजे होतं. तीन आठवडे तिने रोज स्वतःला विचारलं होतं की मी आई म्हणून कुठे चुकले, आणि त्याचं उत्तर माझ्या एका दुपारच्या कंटाळ्यात होतं.

“मॅडम,” ती म्हणाली. “तुमचा आवाज असा काहून येऊन राह्यला? तुमी जेवल्या का?”

सकाळपासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. खरं तर फार दिवसांत कुणीच विचारलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

“मंग पहिले जेवून घ्या. उपाशी नोका बसू. ताई आल्या का मी सांगतो त्याईले.”

फोन बंद झाला. येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत मी त्या बाकावर बसून हमसून हमसून रडले. मग तोंड धुतलं, समोरच्या खानावळीत गेले आणि पोटभर जेवले.